माहिती कशात टिकते?

फोटो, गाणी, हिशेब जपून ठेवायला आज पुष्कळ साधने आहेत. त्यांत भरवशाचे कोणते? मी गुरुजींना विचारून हे लिहिले आहे.

१) सीडी : ही १९८२ साली बाजारात आली. हिला ओरखडा पडला की ती अडते. घरी भरलेली सीडी उन्हात ठेवली तर खराब होते, आणि आपल्या नागपूरचे ऊन मे महिन्यात ४५ अंशांवर जाते! आमच्या घरी आत्याच्या लग्नाची सीडी आहे. ती चांगली आहे, पण लावायची कुठे? नव्या संगणकात बहुतेक सीडीचा कप्पाच नसतो.

२) हार्डडिस्क : पहिली १९५६ साली निघाली. तिच्यात ५० तबकड्या होत्या, पण मावत होते फक्त ५ एमबीच्या आसपास. म्हणजे आजच्या मोबाइलचे एक-दोन फोटो! आताच्या हार्डडिस्कमध्ये लाखो फोटो मावतात. पण आत तबकडी गरगर फिरते. चालू असताना खाली पडली की खेळ खलास.

३) पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड : यांच्यात फिरणारे काही नसते, म्हणून पडले तरी बहुधा चालतात. आत माहिती विजेच्या बारीकशा साठ्यात असते. खूप वर्षे न वापरता ठेवले तर तो साठा हळूहळू ओसरतो. फोटो भरताना मध्येच ओढून काढले तरी माहिती बिघडते. कार्ड तर नखाएवढे, कुठे हरवते पत्ताच लागत नाही!

४) ताम्रपट : रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. तिथून राणी प्रभावतीगुप्ता हिने एक गाव दान दिले आणि ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून दिले. त्याला सुमारे १६०० वर्षे झाली, तरी ते वाचता येते. त्याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. पण पत्र्यावर मावते थोडेच, अन् फोटो तर मुळीच नाही.

मग सगळ्यांत भरवशाचे कोणते? एकटे कोणतेच नाही! हार्डडिस्क पडण्याला भिते, पेनड्राइव्ह विसरण्याला भितो, सीडी उन्हाला भिते. म्हणून एकाच वस्तूच्या दोन-तीन प्रती करायच्या, वेगवेगळ्या साधनांत आणि वेगवेगळ्या घरी ठेवायच्या. वर्षातून एकदा उघडून पाहायच्या. साधन जुने झाले की नव्यात उतरवून घ्यायच्या.

माझे आबाजी आता नाहीत. त्यांचा एकच फोटो आहे, तोही बाबांच्या मोबाइलात. मोबाइल विहिरीत पडला तर आबाजी पुन्हा दिसणार नाहीत. मी बाबांना म्हटले, एक प्रत पेनड्राइव्हमध्ये भरा, एक मामाच्या घरी ठेवा, अन् एक कागदावर काढून भिंतीला लावा. बाबा म्हणाले, या बाजाराला नागपूरला जाऊ तेव्हा करू.

इथे आलेल्या पालकांनो, तुमच्याही मोबाइलात असा एकुलता एक फोटो असेल. आजच पाहा.

— इयत्ता ४ थी