सगळं एकाच दिवशी आलं तर?

प्रश्न : अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. टँकर आला नाही, व्यापाऱ्यानं भाव पाडला, लेकरू तापानं फणफणलेलं. अशा दिवशी मन खंबीर कसं ठेवू?

उत्तर : ताई, अशा दिवशी आनंदी राहायचा हट्ट नकोच. आधी लेकराला दवाखान्यात न्या. टँकरचा फोन घरातलं दुसरं कुणी करेल. भाव तुमच्या हातात नाही, तो विचार संध्याकाळी. छातीत धडधडलं की श्वास घेतला त्याहून सावकाश सोडा. त्यानं हृदयाची गती खरोखर उतरते. रात्री दिवसभरात काय निभावलं तेही मोजा, बायका ते मोजतच नाहीत. झोप, भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली, तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीशी १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. जीव नकोसा वाटला तर त्याच घडीला; फोन चोवीस तास सुरू असतो.