मोटार चालू, पाणी नाही : क्लाउड सर्व्हरच्या पहिल्या प्रारंभातील बिघाड आणि त्याचा शोध

बी. ए. भाग २

संगणक हा शब्द आता खेड्यापाड्यांतही नवा राहिलेला नाही. सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, पीकविम्याची नोंद ही सारी कामे आज संगणकाच्या जाळ्यावरून होतात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी सेतू केंद्रापुढे रांग लागते, पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहते आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे उत्तर मिळते. रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील खेड्यातून आलेल्या मुलाचे एस.टी.चे भाडे आणि एक दिवसाची मजुरी तेवढ्यावर बुडते. कधी कधी अर्जाची मुदतही टळते. परंतु हा सर्व्हर म्हणजे काय आणि तो बिघडला असता जाणता माणूस काय पाहतो, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात या विषयाच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे : गर्दीच्या वेळी आपोआप उभा केला जाणारा नवा सर्व्हर पहिल्याच प्रारंभी का फसतो, आणि त्याचे कारण कसे शोधावे?

क्लाउड म्हणजे भाड्याचा संगणक

क्लाउड म्हणजे आकाशातील ढग नव्हे. मोठ्या इमारतीत हजारो संगणक मांडून ठेवलेले असतात व त्यांतील हवा तेवढा भाग तासाच्या किंवा सेकंदाच्या हिशेबाने भाड्याने मिळतो. अॅमेझॉन कंपनीने २००६ साली ईसीटू या नावाने ही सेवा सुरू केली. महाराष्ट्रात मायक्रोसॉफ्टचे केंद्र २०१५ साली पुण्यात, अॅमेझॉनचे २०१६ साली मुंबईत आणि गूगलचे २०१७ साली मुंबईत सुरू झाले. भारत सरकारनेही २०१४ साली ‘मेघराज’ हा राष्ट्रीय क्लाउड सुरू केला. म्हणजे वाशीमच्या मुलाने कळ दाबली, तर तिला उत्तर देणारे यंत्र पुण्यामुंबईतही असू शकते.

या व्यवस्थेचा मोठा लाभ असा की, गर्दी वाढली की नवे सर्व्हर आपोआप उभे करता येतात व गर्दी ओसरली की ते बंद करता येतात. परंतु हा नवा सर्व्हर कोरा असतो. त्यावर कार्यप्रणालीखेरीज काहीच नसते. त्याला आपले काम कळावे कसे?

पहिल्या दिवशीची चिठ्ठी

गुढीपाडव्याला नवा सालगडी ठेवला, तर मालक त्याला पहिल्या दिवशी सांगतो : गोठा कोठे आहे, बैल कोणते, विहिरीची किल्ली कोठे टांगली आहे. गड्याला शंका आली तर तो पुन्हा विचारतो. नव्या सर्व्हरला मात्र फक्त एक लेखी चिठ्ठी मिळते. तिला ‘युजर डेटा’ म्हणतात. अॅमेझॉनकडे ही चिठ्ठी १६ किलोबाइटपेक्षा मोठी चालत नाही. कोणते सॉफ्टवेअर बसवावे, कोणते खाते उघडावे, कोणती सेवा सुरू करावी, हे सारे तिच्यात असते.

लिनक्सच्या सर्व्हरवर ही चिठ्ठी वाचण्याचे काम बहुधा ‘क्लाउड-इनिट’ हा प्रोग्रॅम करतो. तो प्रथम उबंटूसाठी तयार झाला व पुढे इतरत्रही रूढ झाला. त्याचे काम ठरलेल्या क्रमाने चालते. आपण कोणत्या क्लाउडवर आहोत हे तो आधी ओळखतो, मग जाळ्याची जोडणी करतो, नंतर यंत्राची मांडणी करतो आणि शेवटच्या टप्प्यात सॉफ्टवेअर बसवून आपण दिलेल्या आज्ञा पार पाडतो. अॅमेझॉनसह अनेक क्लाउडवर १६९.२५४.१६९.२५४ या ठरावीक अंतर्गत पत्त्यावरून त्याला ही चिठ्ठी मिळते. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, चिठ्ठीतील यातील बहुतेक कामे पहिल्याच प्रारंभी होतात. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तरी ती पुन्हा होत नाहीत. ‘एकदा रिस्टार्ट करून पाहा’ हा आपला नेहमीचा उपाय येथे म्हणूनच निकामी ठरतो.

मोटार चालू, पाणी नाही

आपल्या भागातील शेतकऱ्याला स्वयंचलित प्रारंभाचा अनुभव नवा नाही. रात्रीच्या पाळीत लाईन येते, स्टार्टरवरचा ‘ऑटो’ मोटार सुरू करतो आणि शेतकरी घरी झोपलेला असतो. सकाळी वावरात जाऊन पाहावे तर मोटार आवाज करीत आहे, पण पाइपातून पाण्याचा थेंब नाही. फूटव्हॉल्व गळका असल्याने पाइपातले पाणी आधीच विहिरीत उतरलेले असते व मोटार रात्रभर नुसती हवा ओढत राहते.

क्लाउड सर्व्हरचेही नेमके असेच होते. कंपनीच्या पडद्यावर ‘रनिंग’ असे दिसते, परंतु संकेतस्थळ उघडत नाही. ‘रनिंग’ म्हणजे मोटार चालू आहे एवढेच. पाणी येते की नाही, हे त्यावरून कळत नाही. अशा वेळी नवखा माणूस मोटारच बदलायला निघतो. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जाणता शेतकरी लाईनपासून पाण्यापर्यंत क्रमाने पाहत जातो : तिन्ही फेज आहेत काय, फ्यूज गेला आहे काय, फूटव्हॉल्व पाणी धरतो काय. सर्व्हरच्या बाबतीतही हाच क्रम पाळावा.

तपासणीचा क्रम

(१) यंत्र जागे झाले का? सर्व्हरमध्ये शिरता येत नसले तरी त्याच्या प्रारंभीच्या नोंदी बाहेरून वाचता येतात. अॅमेझॉनकडे ‘सिस्टिम लॉग’ व मायक्रोसॉफ्टकडे ‘बूट डायग्नॉस्टिक्स’ या नावाखाली त्या मिळतात.

(२) जाळे मिळाले का? यंत्राला पत्ता मिळाला, पण बाहेर जाण्याची वाट नसली तर सॉफ्टवेअर उतरविता येत नाही. नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा चालते का, हेही येथेच पाहावे.

(३) चिठ्ठी पोहोचली का? ‘क्लाउड-इनिट क्वेरी युजरडेटा’ ही आज्ञा दिली म्हणजे यंत्राला मिळालेली चिठ्ठी जशीच्या तशी दिसते. (आज्ञा यंत्रावर रोमन लिपीतच द्यावी लागते.)

(४) चिठ्ठी वाचता आली का? पहिल्या ओळीत ‘#क्लाउड-कॉन्फिग’ ही खूण हवी. शेल स्क्रिप्ट असेल तर तिचा आरंभ ‘#!’ या चिन्हांनी हवा. ही खूण राहिली तर चिठ्ठी काय आहे हेच यंत्राला ओळखता येत नाही. नोंदवहीत इशाऱ्याची एक ओळ पडते व सांगितलेल्या कामातले काहीच होत नाही.

(५) कामे पार पडली का? ‘क्लाउड-इनिट स्टेटस --लाँग’ ही आज्ञा काम चालू आहे, पूर्ण झाले आहे की चुकले आहे, ते सांगते. पुढचा तपशील ‘व्हार’मधील ‘लॉग’ या फोल्डरात मिळतो. तेथे दोन नोंदवह्या असतात : ‘क्लाउड-इनिट.लॉग’मध्ये प्रोग्रॅमने काय केले ते, आणि ‘क्लाउड-इनिट-आउटपुट.लॉग’मध्ये आपल्या आज्ञांना काय उत्तर मिळाले ते.

(६) सेवा उत्तर देते का? वरील सारे ठीक असूनही सेवा चुकीच्या पोर्टवर बसलेली असू शकते, किंवा तो पोर्ट बाहेरच्यांना बंद असू शकतो.

नोंदवही वाचताना एक पथ्य पाळावे. शेवटची चूक पाहू नये, पहिली पाहावी. सॉफ्टवेअर बसले नाही म्हणून सेवा सुरू झाली नाही, सेवा सुरू झाली नाही म्हणून तपासणी फसली, अशी चुकांची साखळी लागलेली असते. मूळ दुखणे तिच्या पहिल्या कडीत असते.

वारंवार आढळणारी कारणे

क्लाउड-कॉन्फिगची चिठ्ठी यामल या पद्धतीने लिहितात. तीत ओळ आत सरकविण्यासाठी फक्त मोकळ्या जागा चालतात. टॅबची कळ दाबली की सारी चिठ्ठी बाद होते. एखाद्या आज्ञेत अपूर्णविराम आणि त्यापुढे मोकळी जागा आली, तर यंत्र त्या ओळीला आज्ञा न समजता नाव व मूल्य यांची जोडी समजते. अशी ओळ अवतरणचिन्हांत ठेवावी लागते. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह राहते व त्यामुळे लिनक्सला ती चालविता येत नाही. यांतील यामलचे बरेच दोष ‘क्लाउड-इनिट स्कीमा’ या आज्ञेने चिठ्ठी पाठविण्यापूर्वीच सापडतात.

दुसरे कारण म्हणजे प्रश्न विचारणारे सॉफ्टवेअर. काही पॅकेजे बसताना ‘होय की नाही’ असे विचारतात. समोर माणूस नसल्याने उत्तर मिळत नाही व यंत्र तिष्ठत राहते. यासाठी प्रश्न न विचारण्याची सूचना चिठ्ठीतच द्यावी लागते. तिसरे कारण असे की, शेल स्क्रिप्टमधील एक आज्ञा फसली तरी पुढच्या आज्ञा चालूच राहतात. आरंभी ‘सेट -ई’ लिहिले, तर पहिल्या चुकीशीच स्क्रिप्ट सहसा थांबते आणि दोष लपत नाही.

चौथे कारण सर्वांत फसवे आहे. नवा सर्व्हर निरोगी आहे काय, हे पाहणारी स्वयंचलित व्यवस्था असते. समजा, तिने ३०० सेकंदांची मुदत दिली आणि सॉफ्टवेअर बसण्यास ४२० सेकंद लागतात. मुदत संपताच व्यवस्था त्या सर्व्हरला आजारी ठरवून काढून टाकते व दुसरा उभा करते. त्याचीही तीच गत होते. गर्दी तशीच राहते, भाडे चढत राहते आणि एकही सर्व्हर कामाला येत नाही. यावर उपाय दोन : मुदत वाढविणे, किंवा आवश्यक सॉफ्टवेअर आधीच बसविलेली प्रतिमा तयार ठेवणे, म्हणजे पहिल्या दिवशीचे काम थोडे राहते. दोष शोधीपर्यंत एक सर्व्हर तरी काढून न टाकता राखून ठेवावा. यंत्र गेले की त्याच्यावरील नोंदवहीही सहसा त्याच्याबरोबर जाते.

प्रारंभातील बिघाड किती दूरवर पोहोचतो, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले व पुन्हा सुरू होईनात. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो बिघाड चिठ्ठीचा नव्हता, परंतु अडचण तीच होती : जे यंत्र पुरते सुरूच होत नाही, त्याच्या आत शिरावे कसे? क्लाउडवर त्याचा एक उपाय असा की, बिघडलेल्या यंत्राची डिस्क सोडवून चांगल्या यंत्राला जोडावी, दोष काढावा व ती परत लावावी. लिनक्सच्या सर्व्हरची नोंदवही वाचण्यासही हीच युक्ती उपयोगी पडते.

कलाशाखेचा याच्याशी काय संबंध?

असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ऐकीव गोष्टींपेक्षा अस्सल कागदपत्रांवर भर दिला, हे आपण वर्गात शिकतो. पडद्यावरचे ‘रनिंग’ ही ऐकीव गोष्ट आहे. नोंदवही हा अस्सल कागद आहे. तो सावकाश वाचणे, काय आधी घडले व काय नंतर हे लावणे, आणि पुरावा मिळेपर्यंत निष्कर्ष न काढणे, ही सवय आपल्याच अभ्यासक्रमातील आहे. राहिला प्रश्न खर्चाचा. क्लाउडचे भाडे न भरताही हा अभ्यास करता येतो. ‘मल्टिपास’ हा प्रोग्रॅम विनामूल्य असून आपल्याच संगणकात लहानसा उबंटू सर्व्हर उभा करतो व त्याला क्लाउड-इनिटची चिठ्ठी देता येते. मुद्दाम एखादी आज्ञा चुकीची लिहावी, आणि प्रत्येक वेळी नोंदवही काय म्हणते ते वहीत उतरून घ्यावे.

आमच्या घरातून महाविद्यालयात येणारा मी पहिलाच. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आमच्यासारख्या घरांत दैवाच्या कोपासारखे ऐकून घेतले जाते. पण वरील विवेचनावरून दिसून येईल की, अशा बिघाडामागे एखादी गाळलेली ओळ, एखादी बंद वाट किंवा अपुरी मुदत असते. ती शोधता येते आणि दुरुस्तही करता येते. त्या रांगेत उभे राहणाऱ्यांपैकी काहींनी तरी हे शोधण्याचे काम शिकून घ्यावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच केला आहे.