संपकऱ्याच्या घरची चूल आणि ख्रिस्तसभा



कारखान्यात संप झाला की त्याची झळ प्रथम कामगाराच्या चुलीला लागते. पगार थांबतो, पण मुलांची भूक, घरभाडे आणि शाळेची फी थांबत नाही. अशा वेळी ख्रिस्तसभेने काय करावे? ‘हा मालक-कामगारांचा व्यवहार आहे, चर्चने त्यात पडू नये,’ असे काहीजण म्हणतात. याचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण लंडनमधील एका संपाचा अभ्यास करू.

१८८९ साली लंडनच्या गोदीतील मजूर रोज सकाळी फाटकाशी गर्दी करीत. मुकादम ज्यांना बोलावील त्यांनाच काम मिळे, तेही कधी एक-दोन तासांचेच. मजुरी ताशी ५ पेन्स. मत्तयच्या शुभवर्तमानातील (अध्याय २०) द्राक्षमळ्याच्या दाखल्यात, कुणीच कामावर न घेतल्यामुळे दिवस मावळेपर्यंत बाजारात उभी राहिलेली माणसे आहेत. ही त्यांचीच भावंडे! ऑगस्टमध्ये त्यांनी संप पुकारला. ताशी ६ पेन्स मजुरी आणि एकदा बोलावल्यास किमान ४ तासांचे काम, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. सुमारे एक लाख कामगार संपात उतरले.

संप महिनाभर चालला. संपसमितीने कुटुंबांना अन्नासाठी चिठ्ठ्या वाटल्या. मुक्तिफौजेने स्वस्तात जेवण पुरवले. दूरच्या ऑस्ट्रेलियातून सुमारे ३०,००० पौंडांची मदत आली. म्हणून चुली पेटत्या राहिल्या.

वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप कार्डिनल मॅनिंग तेव्हा ८१ वर्षांचे होते. ते गोदीच्या संचालकांनाही भेटले आणि कामगारांनाही. मालक नवा दर जानेवारीपासून द्यायला तयार होते. कामगार तितके थांबायला तयार नव्हते. १० सप्टेंबर रोजी पॉप्लर भागातील कॅथोलिक शाळेत कार्डिनलांनी संपाच्या नेत्यांशी दीर्घ चर्चा केली आणि ४ नोव्हेंबर या तारखेवर त्यांचे मन वळवले. १६ सप्टेंबरला गोदी पुन्हा सुरू झाली.

दोनच वर्षांनी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांचा संघटनेचा हक्क आणि कुटुंब पोसणारी मजुरी यांचा पुरस्कार केला. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच परिपत्रकाचे स्मरण केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली संप हा योग्य मर्यादेत न्याय्य मार्ग असल्याचे सांगितले. मात्र तो शेवटचा उपाय असावा, हिंसेने किंवा राजकीय स्वार्थाने तो डागाळू नये, ही ख्रिस्तसभेची अट आहे.

यातून आपण दोन गोष्टी शिकतो. पहिली: भुकेल्या कुटुंबाला जेवू घालणे म्हणजे कुणाची बाजू घेणे नव्हे. संप बरोबर की चूक हे ठरेपर्यंत लेकरांना उपाशी ठेवता येत नाही. दुसरी: शिधा देऊन आपले कर्तव्य संपत नाही. दान म्हणजे माझे त्याला देणे; न्याय म्हणजे त्याचे त्याला देणे. अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश परमेश्वराच्या कानी जातो, असे संत याकोब आपल्याला बजावतो. म्हणून अन्नाबरोबर समेटाचा मार्गही शोधावा लागतो, आणि त्यासाठी दोन्ही दारे ठोठवावी लागतात.

आपल्या चर्चमध्ये मालक आणि कामगार एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकतात. तिथे एकमेकांना दिलेली शांती फाटकापाशी पोहोचते का?

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी:
१. आपल्या विभागात कुणाचा पगार थांबला आहे का? त्यांच्या घरी कोण जाऊन आले?
२. त्यांचा मान राखून मदत कशी पोहोचवता येईल?
३. आपल्या घरी, शेतात, दुकानात काम करणाऱ्यांना आपण वेळेवर आणि पुरेशी मजुरी देतो का?