फ्यूज शाबूत, तरी दिवे मंद

प्रश्न: वडिलांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी अजून चालवतो. पावसाळ्यात परतवाड्याकडे घाट उतरताना, नेमक्या धुक्यात, हेडलाइट मंद होतात. फ्यूज बोटाने दाबला की उजेड परत येतो. एकही फ्यूज उडालेला नाही. मिस्त्री म्हणतात, अख्खा बॉक्सच बदला. बदलावा का? पुढे ‘व्हिंटेज’ नोंदणीला त्याची आडकाठी होईल का?
– एक वाचक, चिखलदरा

उत्तर: अर्धं निदान तुमच्या बोटानेच केलं आहे. दोष फ्यूजमध्ये नाही, तो धरून ठेवणाऱ्या क्लिपांमध्ये आहे.

कुर्ल्यात बनलेली पद्मिनी म्हणजे मूळची इटालियन फियाट 1100. तिचे फ्यूज दोन्ही टोकांना निमुळते, पितळी क्लिपांमध्ये नुसते दाबून बसवलेले. सगळा भरवसा त्या क्लिपांच्या ताणावर. चिखलदरा अकराशे मीटरांच्या आसपास. पावसाळाभर ढग घरात शिरतात, ते गाडीत का शिरणार नाहीत? पितळेवर हिरवट थर चढतो आणि करंटची वाट अडते. हा अडथळा 0.2 ओहम धरा. 5 अँपिअरच्या दिव्याला तेवढ्यानेच एक व्होल्ट कमी मिळतो आणि 12 चे 11 झाले की प्रकाश जवळपास चौथाईने घटतो. वाया गेलेले 5 वॅट त्या टीचभर क्लिपेलाच तापवत राहतात. तापलेलं पितळ मऊ पडतं, पकड सुटते, मग ते आणखी तापतं.

म्हणून बदलण्याआधी मोजा. हेडलाइट लावून मल्टिमीटरची एक पिन फ्यूजकडे येणाऱ्या वायरच्या टोकाला आणि दुसरी जाणाऱ्या वायरच्या टोकाला लावा. 0.1–0.2 व्होल्ट दिसले तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर बॉक्स दोषी. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून क्लिपा बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पक्कडीने किंचित आत वळवा. आठवडाभरात त्या पुन्हा सैल पडल्या, तर पितळाचा ताण कायमचा गेला. बूड करपलं किंवा वाकडं झालं असेल, किंवा मागचे रिव्हेट हलत असतील, तरीही घासण्यात वेळ घालवू नका. अशा वेळी मिस्त्रींचंच खरं. फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याचा जुना उपाय मात्र कोणी कितीही सुचवला तरी नको. फ्यूज असतो वायर जळू नये म्हणून. चांदी गुंडाळली की आधी वायरच जळते.

नोंदणीची काळजी सोडा. 2021च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं व्हावी लागतात, म्हणजे तुमच्या गाडीला 2028 उजाडेल. नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनातल्या फेरफारांवर आहे. फ्यूज बॉक्स त्यात येत नाही. तरी जुना बॉक्स जपून ठेवा, हौशी मंडळी रॅलीत बॉनेट उघडून बघतातच.

जुन्याच घडणीचा बॉक्स मिळाला तर उत्तम. नाहीतर हल्लीच्या चपट्या फ्यूजचा बॉक्स बसवा, त्याची पकड चांगली असते. वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक वायरीला नंबर चिकटवा. आणि रंगावर जाऊ नका: जुन्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे 16 अँपिअर, चपट्यात लाल म्हणजे 10. जुन्या लालच्या जागी चपटा निळा, म्हणजे 15चा, लावा. पांढऱ्या 8च्या जागी तपकिरी साडेसातचा. साडेसातचा वारंवार उडू लागला तर मोठा फ्यूज न घालता वायर कुठे घासते आहे ते शोधा.