अनाहूत ई-पत्रे आणि लहान व्यावसायिक

ग्राहकाने आपल्या हाती दिलेला पत्ता ही एक ठेव होय. ज्या कामासाठी ती दिली गेली, त्या कामापुरताच तिचा उपयोग करावा, हा सचोटीच्या व्यवहाराचा जुना दंडक आहे. ई-मेलच्या वापरात मात्र तो पुष्कळदा नकळत मोडला जातो. काजू विकणारा दुकानदार, घराच्या दोन खोल्या पर्यटकांस देणारे कुटुंब, मसाले तयार करणारा महिला बचत गट, असे अनेकजण हल्ली आपली जाहिरात ई-मेलने पाठवितात. त्यात गैर काही नाही. परंतु ज्याने ती मागितली नाही त्यालाही ती पाठविली, तर लाभापेक्षा हानीच अधिक संभवते. ती कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भुर्दंड कोणावर?

छापील पत्रक टपालाने पाठवावयाचे तर कागद, छपाई व तिकीट यांचा खर्च पाठविणाऱ्यावर पडतो. साहजिकच ते कोणाला पाठवावे, याचा तो विचार करतो. ई-मेलची गोष्ट वेगळी आहे. दहा पत्रे पाठविली काय किंवा दहा हजार पाठविली काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. वेळ आणि मनस्ताप मात्र घेणाऱ्याच्या वाट्याला येतो.

हा प्रकार नवा नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क या अधिकाऱ्याने कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात ‘अर्पानेट’ या तत्कालीन संगणक-जाळ्यावरून सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठविली. लगेच तक्रारी आल्या व कंपनीला समज देण्यात आली. अशा अनाहूत पत्रांना पुढे ‘स्पॅम’ हे नाव पडले.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात दूरध्वनीवरील जाहिराती व लघुसंदेश यांवर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांचे नियंत्रण आहे. असे संदेश नको असल्यास १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते. ई-मेल या विनियमांच्या कक्षेत येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमात त्रासदायक ई-मेलचा उल्लेख होता, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरविले. यावरून ई-मेलला कायद्याचे बंधनच नाही, असा समज होण्याचा संभव आहे. तो समज बरोबर नव्हे.

२०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून व्यावसायिकांवरील मुख्य बंधनांच्या पूर्ततेसाठी त्यांत १८ महिन्यांचा अवधी दिला आहे. व्यक्तीचा ई-मेल पत्ता ही तिची वैयक्तिक माहिती होय. ती कोणत्या हेतूने घेतली जात आहे हे सांगून संमती घ्यावी लागते, आणि ही संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे लागते. याविषयीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, अर्थात मराठीत व कोंकणीतही, वाचण्याची सोय ग्राहकाला मिळावयास हवी. खोलीच्या आरक्षणासाठी दिलेला पत्ता जाहिरातीसाठी वापरणे, हा मूळ हेतूबाहेरचा उपयोग ठरतो. कायद्याने ठरविलेल्या दंडाच्या कमाल मर्यादा कोटींच्या घरात आहेत. प्रत्यक्ष दंड चुकीचे गांभीर्य पाहून ठरावयाचा असला, तरी लहान व्यावसायिक म्हणून आपण कायद्याबाहेर आहोत, असे कोणी मानू नये.

ज्यांच्याकडे परदेशी पाहुणे येतात, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रिटनमध्ये २००३ च्या नियमांनुसार व्यक्तीला जाहिरातीचे ई-मेल पाठविण्यास तिची पूर्वसंमती सामान्यतः आवश्यक असते. युरोपीय संघातही असाच दंडक आहे. अमेरिकेत १ जानेवारी २००४ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार पूर्वसंमतीची अट नसली, तरी खरे नाव, खरा विषय व टपालाचा पत्ता देणे बंधनकारक आहे. ‘नको’ म्हणणाऱ्याची इच्छा कामकाजाच्या दहा दिवसांत पाळावी लागते. तेथील अधिकारी आपल्या दारी येणे अवघड, हे खरे. परंतु ज्या कंपन्यांच्या सेवेतून आपण एकगठ्ठा पत्रे पाठवितो, त्या तक्रारी वाढताच आपले खाते बंद करू शकतात.

अब्रूचे नुकसान

दंडाहून जवळचा धोका पतीचा आहे. अनाहूत पत्र आले की घेणारा ‘स्पॅम’ असे लिहिलेली कळ दाबतो. या तक्रारींची नोंद ई-मेल पुरविणाऱ्या कंपन्या ठेवतात. अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली, म्हणजे हजार पत्रांमागे तिनाहून कमी असावे, असा दंडक गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून घातला आहे.

समजा, काणकोणच्या बाजूला एका कुटुंबाने हंगामापूर्वी कोणाकडून तरी हजार पत्त्यांची यादी विकत घेतली व सर्वांना जाहिरात पाठविली. त्यांतील वीस जणांनी तक्रारीची कळ दाबली. पुढे डिसेंबरात एका गृहस्थाने स्वतःहून खोलीची चौकशी केली. कुटुंबाने तत्परतेने उत्तर लिहिले, पण ते त्या गृहस्थाच्या स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडले. उत्तर नाही असे समजून तो दुसरीकडे गेला. कुटुंबाला मात्र ‘यंदा हंगाम मंदच’ असे वाटत राहिले. न मागितलेल्या पत्राने मागितलेल्या पत्राची वाट अडविली, आणि या तोट्याची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही.

काय करावे?

१. पत्त्यांची यादी विकत घेऊ नये. तीत बंद पडलेले पत्ते असतात, तसेच स्पॅम पाठविणारे ओळखण्यासाठी मुद्दाम पेरलेले पत्तेही असू शकतात.

२. पावतीवर किंवा नोंदवहीत ‘नव्या मालाची माहिती ई-मेलने पाठवावी काय?’ असा स्वतंत्र प्रश्न ठेवावा. होकार ग्राहकाने स्वतःच्या हाताने नोंदवावा व त्यापुढे तारीख लिहावी.

३. प्रत्येक पत्रात आपले नाव, पूर्ण पत्ता आणि ‘यापुढे पत्रे नकोत’ असे कळविण्याची सोपी सोय असावी. तसे कळविणाऱ्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढावे.

४. अनेकांना एकच पत्र पाठविताना सर्वांचे पत्ते ‘बीसीसी’ या रकान्यात घालावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्यास दिसत नाही.

५. विषयाच्या ओळीत खोटी निकड किंवा खोटे बक्षीस दाखवू नये.

शिक्षक व पंचायत कर्मचारी यांना या कामी पुष्कळ साह्य करता येईल. गावातील अनेक व्यावसायिकांचे ई-मेल खाते शाळा-कॉलेजात जाणारी त्यांची मुलेच हाताळतात. या पाच गोष्टी त्या मुलांपर्यंत पोहोचल्या, तरी बरेच काम होईल.

पन्नास जणांची यादी लहान दिसते. परंतु ते पन्नासही जण पत्राची वाट पाहणारे असतील, तर ती दहा हजार अनोळखी पत्त्यांहून मोलाची आहे. बोलावणे आल्यावरच दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकावे, ही आपली रीत ई-मेललाही तितकीच लागू आहे.