अभ्यास : नामितेतेचे ७५ फोन



आरोग्यकार्यासाठी यंत्रे घेऊन द्यावीत की माणसे शिकवावीत, असे आपले देणगीदार मला अनेकदा विचारतात. म्हणून या अंकात आफ्रिकेतील एक उदाहरण अभ्यासाला घेतले आहे.

मलावीची राजधानी लिलाँग्वे. तिच्या पश्चिमेला नामितेते येथे सेंट गॅब्रिएल्स हे मिशनचे रुग्णालय आहे. सुमारे अडीच लाख लोकांची भिस्त त्याच्यावर. क्षय आणि एचआयव्हीचे रुग्ण दूरदूरच्या खेड्यांत, आणि त्यांच्याकडे लक्ष देणार गावातलेच स्वयंसेवक. पण साधा निरोप द्यायचा तरी स्वयंसेवकाने कित्येक मैल चालत यायचे, नाहीतर रुग्णालयातील माणसाने मोटारसायकल काढायची.

२००८ साली जॉश नेस्बिट हा अमेरिकन विद्यार्थी तेथे वापरलेले मोबाइल आणि एक लॅपटॉप घेऊन गेला. लॅपटॉपवर केन बँक्स यांनी तयार केलेले ‘फ्रंटलाइन एसएमएस’ हे मोफत सॉफ्टवेअर होते. त्याला इंटरनेट लागत नसे. लॅपटॉपला मोबाइल किंवा मोडेम जोडला की अनेकांना एकदम संदेश जात, आलेले संदेश एका जागी दिसत. ७५ स्वयंसेवकांना फोन देऊन ते वापरायला शिकवले गेले.

पहिल्या सहा महिन्यांत इंधनाचे सुमारे ३,००० डॉलर वाचले; योजना चालवायला लागले सुमारे २५०. कर्मचाऱ्यांचे दोन हजारांहून अधिक तास वाचले. क्षयरोगाच्या उपचारांची क्षमता दुप्पट होऊन २०० रुग्णांपर्यंत गेली.

बटणे दाबायला कोणीही लवकर शिकतो. माझ्या मते शिकवायचे असते ते थोडक्यात लिहिणे : कोण, कोणते गाव, काय झाले, काय हवे. तेथील चिचेवा भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत मावतात फक्त ७०, आणि त्यात काने-मात्राही मोजले जातात! आपल्या पाड्यांवर हे शिकवणाऱ्याने आधी स्वतः ७० अक्षरांत निरोप लिहून पाहावा.

दुसरे, शिक्षण दोन्ही टोकांना हवे. गावातून संदेश आला आणि रुग्णालयातून उत्तर गेले नाही, पुन्हा एकदा तसेच झाले, तर तिसरा संदेश कोण पाठवील? म्हणून लॅपटॉपसमोर कोणी बसायचे, ती व्यक्ती रजेवर गेली तर कोण, आणि सुईणीपेक्षा डॉक्टरांना कधी कळवायचे, हे फोन वाटण्यापूर्वी ठरलेले असावे.

आणखी एक गोष्ट मला नाजूक वाटते. खेड्यातला फोन घरातले सगळे हाताळतात. एचआयव्हीच्या रुग्णाचे नाव त्यावर उघड राहिले, तर त्याला गावात तोंड दाखवणे कठीण होईल. नावाऐवजी क्रमांक लिहायचा आणि पाठवलेला संदेश पुसायचा, ही सवय पहिल्याच दिवशी लावावी.

आणि रुग्ण दुप्पट झाले की गोळ्या, थुंकीच्या तपासण्या, परिचारिकांचे तास हेही वाढतात. फोनच्या बिलात हा खर्च दिसत नाही. देणगीचा अंदाज मांडताना मी तो फोनच्या किमतीखालच्याच ओळीत लिहितो.