गाडीत झोपावं, स्टेशनात राहावं

दोन महिने आगगाडीतच काढणार म्हणतेस. काढ. मी ३१ वर्षं फिरतीची नोकरी केली, शेतीपंपाचे सुटे भाग विकले, आणि त्यातल्या निम्म्या रात्री बर्थवर गेल्या. तेव्हा घरातल्या बाकीच्यांसारखं नुसतं 'जपून जा' म्हणणार नाही.

तिकिटं तुकड्यातुकड्यांनी काढू नकोस. 'सर्क्युलर जर्नी'चं तिकीट माग. निघालीस तिथेच परत यायचं, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी मुक्काम करायचा. भाडं सगळ्या अंतरावर मिळून लागतं, आणि अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरतो. मोबाइलवर ते मिळत नाही. मार्ग कागदावर लिहून मोठ्या स्टेशनाच्या खिडकीवर जा. आतला माणूस कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. मात्र तिकीट हातात आलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. प्रत्येक टप्प्याचं रिझर्व्हेशन वेगळं, आणि ते ६० दिवस आधी उघडतं.

आता मुद्द्याचं. गाडी ही फक्त झोपायची खोली. न्हाणीघर, कपाट, स्वयंपाकघर सगळं स्टेशनावर. म्हणून रात्रीच्या गाड्या धर आणि सकाळी उतर. अंघोळ वेटिंग रूममध्ये. सॅक क्लोकरूमला टाक. कुलूप नसलेलं सामान तिथे घेत नाहीत, तेव्हा चेनला कुलूप बसेल अशीच सॅक घे. तीन-चार रात्रींनंतर एक रात्र रिटायरिंग रूममध्ये, न हलणाऱ्या पलंगावर झोप. तुझ्या पीएनआरवरच ती मिळते. मी हे पहिली पाच वर्षं केलं नाही, आणि कंबर अजून आठवण करून देते. दिब्रुगड ते कन्याकुमारी विवेक एक्स्प्रेसची हौस असेल तर ती शेवटी ठेव. सुमारे ४,२०० किलोमीटर, पोचायला चौथा दिवस उजाडतो. सुरुवातीलाच तिच्यात बसलीस तर पुढचे बेत घरी बसून करशील.

बर्थ वरचा माग. मधल्यावर आडवं व्हायचा हक्क रात्री १० ते सकाळी ६ एवढाच, आणि दिवसा खालच्यावर अख्खं गाव येऊन बसतं. वर तुला कुणी उठवत नाही. टर्किश टॉवेल घरी ठेव, तो गाडीत वाळत नाही. पंचा घे. सॅकला साखळी लावायला खालच्या बर्थखाली कड्या असतात, वाकून बघ. रात्री कुणी त्रास दिला तर भिडेपोटी गप्प बसायचं नाही, १३९ फिरवायचा.

खाण्याचं तुझ्या आजीला विचार. दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट एवढ्यावर दोन दिवस निघतात. पण एक स्टीलचं ताट आणि वाटी जवळ असू दे. नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेसमध्ये वाटेत लंगरचं जेवण फुकट वाढतात, आणि लोक आपापली भांडी घेऊन तयार बसतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कढी वर्तमानपत्रावर घ्यायची वेळ आली होती.

पैसे आणि तिकीट अंगावर, झोपेतसुद्धा. इटारसीला मी पायजम्यावर चहाला उतरलो. दोन्ही हातांत चहाचे पेले, आणि गाडी हलली. पाकीट उशीखाली, चपला बर्थखाली. सामान पुढच्या स्टेशनावर सहप्रवाशांनी उतरवून ठेवलं, म्हणून निभावलं. तिथवर अनवाणी गेलो. तेव्हापासून चहा दारात उभं राहूनच घेतो.

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे जाणार असशील तर एका गाडीतून उतरून दोन तासांत दुसरी पकडायचे हिशेब करू नकोस. धुक्यात गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास रखडतात. मध्ये अख्खा दिवस मोकळा सोड. दक्षिणेकडूनच सुरुवात केलीस तर आणखी बरं.

आणि उत्तरेकडून परतताना भुसावळ लागेलच. डब्याचा नंबर आदल्या रात्री कळव. मी प्लॅटफॉर्मवर धपाटे घेऊन उभा असेन. खाली उतरू नकोस, खिडकीतून घे.